काडीवरचा पू

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरीजवळ नाही, आणि देवापुढं तर बिलकूल नाही. तिथं नारळ फोडला आणि तोंड मिटून उभा राहिलो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून बरं. ऐका. मधे चुकचुकू नका.

शालन जाऊन वर्ष होत आलं. शेवटची कितीतरी वर्षं ती एका पायावर जगली. मी तिला उचलून मोरीत नेत होतो, भाकरी थापत होतो, कुबडीचं रबर झिजलं की बदलून आणत होतो. सोसायटीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना माझं नाव घेऊन टोमणे मारायच्या. शिका म्हणायच्या त्या काकांकडून. मी ऐकून घ्यायचो.

आधी मी माथाडी होतो. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आल्यावर मी पण त्याच्यामागं आलो, साताऱ्याकडच्या आमच्या सगळ्या गावकऱ्यांसारखा. कोपरखैरण्याला बैठं घर. दिवसभर पोती, संध्याकाळी दारू. आणि घरी हात चालायचा माझा — हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, ते काही लपलेलं नाही. एकदा जेवताना ती म्हणाली, "पोरीच्या वह्यांना पैसं न्हाईत आन् तुमाला रोज चढवायला हायेत." म्हणाली ते खरंच होतं. पोतं ओढायचा लोखंडी आकडा कोपऱ्यात पडला होता. तो उचलला आणि फेकला. पोटरीत रुतला. ओरडली पण नाही. खाली बघितलं आणि स्वतःच उपसला.

डॉक्टरला तिनंच सांगितलं, पत्रा लागला. माझ्यासाठी खोटं बोलली. भावांना पण तेच सांगितलं. हे एवढंच असतं तर मी सांगायला बसलो नसतो. बायकोला मारणारे पुष्कळ आहेत, त्यातला मी एक. लपलेलं आहे ते पुढं.

वरून भोक मिटत आलं, आतून पाय तट्ट फुगला. गल्लीतल्या डॉक्टरनं एक इंजेक्शन दिलं, मग दुसरं, मग गोळ्या बदलल्या. पू थांबेना. शेवटी तो म्हणाला, "आता अंदाजानं औषध देण्यात अर्थ नाही. पू तपासून आणा. कुठल्या औषधानं ते जंतू मरतात ते कळेल, तेच देऊ." वाशीतल्या एका लॅबचा पत्ता दिला.

लॅब म्हणजे दुकानाचा गाळा. तिथं शेट्ये म्हणून कामाला होता — कोकणातला, पस्तिशीचा, बडबड्या. म्हणाला, "काका, वहिनींना आणा, पू मीच घेतो. आतला घ्यावा लागतो."

मी म्हटलं, पाय टेकत नाही.

"मग मी येतो की घरी. सायकल आहे माझी. चहा पाजा म्हणजे झालं."

घरी? घरी येऊन तो पाय उघडणार, आतून काडी फिरवणार, भोक बघणार. पत्र्यानं कधी गोल भोक पडतं का? त्यानं विचारलं आणि ती बोलून गेली तर? पोलीस. मी छाती काढून म्हणालो, आमच्यात बाईमाणसाच्या पायाला परका माणूस हात लावत नाही. डॉक्टर रोज लावत होता, ते शेट्येला काय माहीत? मला मान दिला त्यानं. कापूस गुंडाळलेली काडी घातलेली एक काचेची नळी दिली आणि नीट सांगितलं — वरचा पू पुसून टाका, आतला घ्या, काडी दुसऱ्या कशाला लागू देऊ नका. वर हसून म्हणाला, "तुमच्या बोटाला लागली तर तुमचा रिपोर्ट येईल हां काका, वहिनींचा नाही."

हे त्यानं मला सांगितलं होतं. हसत का होईना, सांगितलं होतं. म्हणून मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

घरी आलो. पट्टी सोडायला गेलो तर शालननं चांगल्या पायानं छातीत लाथ घातली. लग्नापासून मला अहो म्हणणारी बाई — त्या दिवशी पहिल्यांदा अरे म्हणाली. "हात लावू नकोस! तूच भोसकलंस आन् आता त्यातच काडी घालतोस व्हय? मरू दे मला. तुझा हात नको." मी तिचा गुडघा दाबून धरला. ती दंडाला चावली. मी तिला थोबाडीत मारली, मग आणखी एक. आजारी बाई, अंगात ताप. मारली. आणि काडी घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसलो.

माझ्या मानेवर गळू होतं. पोत्याच्या घासणीनं आम्हा सगळ्यांनाच व्हायचं. ठणकत होतं. दंडावर तिचे दात उमटले होते. डोक्यात जाळ होता नुसता — माझा हात नको काय तुला? नको ना? मग घे माझाच पू. गळू पिळलं. काडी त्यात घोळवली. नळीत घातली, बूच लावलं आणि नेऊन दिली. तिला सांगितलं, तू तापाच्या ग्लानीत होतीस तेव्हा घेतला पू.

घाबरलो म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी घोकलं. तसं नव्हतं. त्या पायरीवर मला भीती वाटत नव्हती. मला तिला मारायचं होतं, आणि हाताला दुसरं काही लागलं नाही.

रिपोर्टला गेलो तेव्हा शेट्ये खुशीत होता. मला आत नेऊन काचेची बशी दाखवली. पिवळट जेली, तिच्यावर जंतूंचा पांढुरका थर, त्या थरावर कागदाच्या बारक्या टिकल्या. एकेक टिकली एकेका औषधात भिजवलेली, असं तो सांगत होता. प्रत्येक टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला होता, भांडं घासल्यासारखा. तिथले जंतू मेलेले. "बघा काका, सगळी औषधं लागू पडतायत. साधा जंतू आहे. वहिनी चालायला लागतील आता. चहा राहिला हां तुमच्याकडं."

मी त्या बशीकडं बघत होतो. ते माझे जंतू होते. माझी मान होती ती. एक वाक्य बोलायचं होतं — शेट्ये, चूक झाली, दुसरी काडी द्या. त्यानं दिली असती. माझी थोडी थट्टा केली असती आणि दिली असती. मी कागद घडी करून खिशात घातला.

गल्लीतल्या डॉक्टरनं कागद बघून साध्यातल्या गोळ्या दिल्या. माझं गळू औषधाविना बसलं. तिचा पाय काळा पडायला लागला.

डॉक्टर चक्रावला. रिपोर्ट एवढा चांगला आणि ताप उतरत नाही? तिला म्हणाला, "मावशी, गोळ्या घेता ना वेळेवर?" ती म्हणाली, घेते. घेतच होती. प्रत्येक गोळी मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "कसल्या घेते! मोरीत टाकत असंल. लई हट्टी हाय." डॉक्टर तिच्यावर ओरडला. अंथरुणात पडल्या पडल्या तिनं ते ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलं फक्त. तो डॉक्टर गेल्यावर मी तिचा जबडा धरून गोळी कोंबली, शेजारणींच्या देखत, त्यांना खरं वाटावं म्हणून.

शेवटी तिचा भाऊ दत्ता गावाकडून आला आणि तिला उचलून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं त्यांनी पू स्वतः काढला. त्यांच्या बशीत टिकल्या होत्या, गोल नव्हते. जंतू टिकल्यांना भिडून वाढले होते, काहींच्या तर वर चढले होते. एखाद-दुसरं औषध सोडलं तर कशालाच दाद देत नव्हते. ते औषध चालू केलं, तोवर हाडापर्यंत गेलं होतं. पाय मांडीतून कापला.

तिथल्या डॉक्टरनं आधीचा कागद बघितला आणि फेकला. "या लॅबनं काय पाणी तपासलं काय?"

दत्ता शेजारीच उभा होता. "दाजी, कोन हाय त्यो लॅबवाला?"

इथं पण बोलता आलं असतं. दत्तानं मला तिथंच फोडला असता, आणि ते बरोबर झालं असतं. मी म्हणालो, "चल. दावतो."

बाजारातली आमची टोळी घेतली. भर दुपारी गेलो. शेट्ये डबा खात होता. एवढी माणसं बघून उठला, खरकटा हात तसाच. आणि मला बघून पहिलं काय विचारलं त्यानं? "काका, वहिनी कशा आहेत?"

पहिला फटका मी मारला. आकडा उलटा धरून, मुठीकडून. मग पोरं सुटली. नळ्या, बाटल्या, ते जंतू वाढवायचं गरम कपाट, सगळं जमिनीवर आलं. लोकांच्या बशा फुटल्या. कुणाकुणाच्या घरचा पू असेल तो, कोण कोण रिपोर्टची वाट बघत असेल — ती जेली आमच्या चपलांना चिकटत होती. दत्तानं शेट्येचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ढकललं. तो हात मोडतानाचा आवाज सांगत नाही. शेट्ये किंचाळत होता, "काका, काडी तुम्ही आणली होती! यांना सांगा! काडी कुणी घेतली ते सांगा!"

पोरं क्षणभर थबकली. दत्तानं माझ्याकडं बघितलं.

मी शेट्येच्या तोंडावर मारलं. दात पडले. परत मारलं. तो बोलायचा थांबेपर्यंत मारत राहिलो. सगळ्यांना वाटलं, बायकोच्या दुःखानं वेडा झालाय. मला धरून बाहेर आणलं, पाणी पाजलं. दत्ता माझ्या गळ्यात पडून रडला.

लॅबचा मालक बाजाराच्या पोरांना भ्यायला, तक्रार झाली नाही. गाळा बंद झाला. शेट्ये गावाकडं गेला म्हणतात. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, असं कुणीतरी सांगितलं. मी चौकशी केली नाही.

दारू मी सोडली, हात उगारणं सोडलं. त्याचा हिशेब कुठं लावायचा ते मला माहीत नाही, म्हणून लावत नाही. शालन रोज दिवा लावून झाला की कुबडीवर रेलून त्या शेट्येला शिव्या द्यायची. हात झडू देत मेल्याचे, निर्वंश होऊ दे. मी कणीक मळत असायचो. मळत राहायचो.

शेवटच्या आजारात तिनं एकदा माझा हात धरला. तोंडातून लाळ गळत होती. म्हणाली, "तुमी मारलंसा, पर तुमीच सांबाळलंसा. माझा पाय त्या लॅबवाल्यानं खाल्ला. व्हय का न्हाई?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिचं तोंड पुसलं आणि म्हणालो, "व्हय."