सहा इंचांची तालीम

अन्वय, इरा,

आपल्या गाडीची उंची अजून होती तेवढीच आहे, हे आधीच सांगते. महेशकाकाने तुम्हाला बदललेल्या गाडीचे फोटो कबूल केले होते, ते येणार नाहीत. एक फोटो निघाला होता, पण त्यात मी आहे, आणि तो मी पुसून टाकायला लावला आहे.

मूळ कारण मागच्या वर्षीची वेळ अमावस्या. (आपल्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही, सगळं गाव आपापल्या शेतात जेवतं.) नेमका आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. आपली काळी माती भिजली की चाकाला अशी धरते की चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. आपली पिकअप चारही चाकांनी ओढणारी आहे. ती चारही चाकांनी रुतूही शकते, हे त्या दिवशी कळलं. शेत समोर दिसत होतं. बाकीच्यांनी डाळी-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे रस्त्यात उभ्याने खाल्ले. मी दोन तास ताक-ज्वारीच्या आंबिलीचा माठ मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिले.

कारण तो माठ खाली ठेवता येत नाही. आपल्या घरची रीत अशी की थोरली सून माठ घेऊन निघते, आणि शेतातली कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपी, येईपर्यंत तो जमिनीला टेकत नाही, की दुसऱ्या हातात जात नाही. दुसरीने एकदा धरला की पुढच्या वर्षीपासून तो तिचा. दुसरी म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमची सुमनआजी. बाई फार चांगली आहे. पण गेली कित्येक वर्षं ती माझ्या गुडघ्यांची ज्या आस्थेने चौकशी करते, ती आस्था मला कधीच आवडलेली नाही.

तर या येळवशीला शेतापर्यंत पोहोचायचंच म्हणून महेशने गाडी बदलायला घेतली. गाडी चार इंच वर उचलायची. टायर मोठे घालायचे. पुढे विंच बसवायची. (विंच म्हणजे तारेच्या दोराची चरखी. दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःलाच चिखलातून ओढून काढायचं.) मी वही काढून तीन रकाने आखले: काम, कारण, शंका. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घरात मी एकटीने वाचलं आहे, तेही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्यामुळे शंकांचा रकाना आपोआप माझ्याकडे आला.

पहिली शंका मी लिहिली: “माठासह चढता येईल का?”

“आई, चार इंच म्हणजे एवढंसं,” महेश बोटं दाखवत म्हणाला.

“टायरचे दोन धर. सहा झाले,” मी म्हणाले. “आधी तालीम करायची. मग स्पॅनर हातात घ्यायचा.”

सलीमभाई मिस्त्री आपल्या गाडीचे जुने डॉक्टर. त्यांनी पुष्कळ गाड्या उचलल्या होत्या, पण तालीम कुणी मागितली नव्हती. गोठ्यासाठी पूर्ण्याहून आणलेले रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर अंगणात पडून होते, बरोबर सहा इंच जाड. ते दोन ओळींत मांडले, फळ्या लावल्या आणि महेशने गाडी वर चढवून उभी केली. मग सलीमभाईंनी विंचसाठी केवढी बॅटरी मावेल हे बघायला जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवली. (हे लक्षात ठेवा.)

“माठात पानी भरू का, मॅडम?” सलीमभाईंनी विचारलं.

“पाणी नको. आंबील पाण्याहून जड असते. ताक भरा.”

तुमचे आजोबा ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले होते. ते नुसतं म्हणाले, “घ्या. आता ताकाचं वजन.”

सुमन पायरीवर बसून तूर सोलत होती. तिने टोपली बाजूला सरकवली.

मी माठ कमरेवर घेऊन स्टुलावर पाय ठेवला, एका हाताने दाराची कड धरली, महेशने मागून आधार दिला आणि मी चढले. माठ मांडीवर घेतला. सुमनकडे बघून जरा हसलेसुद्धा. तेवढ्यात महेशने स्टूल उचलून नेलं.

“अरे, स्टूल?”

“शेतात स्टूल कुठून येणार, आई? आता तशीच उतर. तालीम आहे ना?”

मी खाली पाहिलं. जमीन बरीच लांब गेली होती. दोन्ही हातांत माठ, एक गुडघा नाही म्हणतो, दुसरा त्याला अनुमोदन देतो.

“अक्का,” सुमन जवळ येत म्हणाली, “द्या की माठ माझ्याजवळ. तालीमच हाय नव्हं?”

“तालमीतसुद्धा रीत मोडायची नाही.”

“मग बसा. मी दुपारचं ताट तिथंच आणून देते.”

सलीमभाई गाडीभोवती एक चक्कर मारून आले. “मॅडम, गाडीचा प्लॅन बराबर हाय,” ते म्हणाले. “सवारीचा प्लॅन न्हाई.”

शेवटी गाडीच खाली घ्यायची ठरली. चालू करायला बॅटरी नव्हती. ती परत बसवायला दहा मिनिटं लागली असती, पण सुमन खरंच ताट वाढायला आत निघाली होती, म्हणून मी म्हणाले, “नुसती मागे ढकला.” महेश आणि सलीमभाईंनी पुढून जोर लावला. गाडी फळ्यांवरून अलगद मागे उतरायला लागली, आणि मग तिला ते आवडलं.

“ब्रेक!” मी ओरडले.

“लागंना गेलाय की!” आजोबा म्हणाले.

इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पान उजवीकडचं, खाली चौकटीत. मला ते अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं आणि अंगण मागे जात होतं.

धुण्याच्या दगडाचं पाणी जिथे मुरतं त्या अळूच्या वाफ्यात मागची दोन्ही चाकं गेली आणि गाडी गप्पकन थांबली. ताक थांबलं नाही. ते उसळून माझ्या चष्म्यापासून पायापर्यंत आलं. शेतातल्या चिखलात रुतू नये म्हणून जिची एवढी तयारी, ती गाडी स्वतःच्या अंगणात आसापर्यंत रुतली होती. महेशने याच वेळी तो फोटो काढला.

एक मात्र झालं. गाडी एवढी खाली बसली होती की मी कुणाचा हात न धरता उतरले. माठ अजून माझ्याच हातात होता.

सुमनने पदराने माझा चष्मा पुसला. पुसताना तिचे खांदे हलत होते. “अक्का, माठ तुमचाच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “म्या तुमास्नी चढवीन. पन एवढा धुवायला तरी द्या.”

मी दिला. रिकामा होता, म्हणून रीत मोडली नाही, असं मी तेव्हा म्हणाले. धुतल्यावर मात्र तो तिने जरा जास्तच वेळ हातात धरला, आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गाडी शेजारच्या बैलजोडीने काढली. बैलांमध्ये कोणताही बदल केलेला नव्हता.

संध्याकाळी मी वही उघडली. चार इंच खोडले, टायर खोडले. विंच सलीमभाईंच्या आग्रहाखातर ठेवली. मग नव्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं:

काम: दाराखाली पायरी, मजबूत, दोन बायका एकदम उभ्या राहतील एवढी रुंद.

कारण: मी.

शंका: कुणालाही नाही.