पाठीवरचं इंजिन

दुसऱ्यांदा तोंडावर पडले तेव्हा पॅरामोटरचा पंखा मोडला. पहिल्यांदा नुसते गुडघे फुटले होते, त्यामुळं ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. पंखा मोडल्यावर मात्र माझ्या शिक्षकानं इंजिन माझ्या पाठीवरून उतरवून घेतलं आणि उकिडवं बसून पात्याचे तुकडे गोळा करायला लागला.

"ताई, एक सांगू का? तुम्ही माझ्या पुढं बसा, मी उडवतो. वडगाव रासाईपासून मांडवगणापर्यंत सगळी नदी दाखवून आणतो. तुम्ही नुसते फोटो काढा."

"नदी मला माहीत हाय. रोज पुलावरनं येते."

"वरनं बघितली न्हाई ना."

"बघणार हाय. एकटी."

त्यानं हातातले तुकडे पिशवीत टाकले. पंचविशीतली पोरं चार दिवसांत उडतात आणि ही एक्कावन्न वर्षांची बाई आठ दिवस झाले तरी जमीन सोडत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याचं चुकत नव्हतं.

पॅरामोटर म्हणजे पाठीवर बांधायचं पेट्रोलचं इंजिन, त्याच्या मागं जाळीच्या पिंजऱ्यात फिरणारा पंखा आणि वर दोऱ्यांना लावलेली कापडाची लांबट छत्री. चाकं नसतात, त्यांचं काम आपल्या पायांनी करायचं. पळत पळत छत्री डोक्यावर आणायची, हातातला थ्रॉटल दाबायचा आणि जमीन आपोआप सुटेपर्यंत पळत राहायचं. सगळं मिळून एवढंच आहे. त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी आमच्या खुटबावच्या रानात पाण्याची मोटर चालू करायला गेले होते, तेव्हा माझा हा शिक्षक आमच्या उसावरून उडत गेला. आवाजावरून कळलं की इंजिन टू-स्ट्रोकचं आहे आणि नीट ट्यून केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी पत्ता काढून त्याच्याकडं गेले आणि शिकायचंय म्हणून सांगितलं.

त्याचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून नदीकाठी शेती धरली. हा मधेच परराज्यात जाऊन हे उडायचं शिकून आला. शिकवायचं रानही आबांचंच, कांदा काढून सपाट केलेलं. आबांनी एकच अट घातली होती. शनिवारी संध्याकाळी रानात मेंढरं बसणार. आमच्या भागात पीक निघालं की धनगरांना सांगून रिकाम्या रानात कळप मुक्कामाला बसवतात. मेंढरांच्या लेंड्यांचं खत पडतं, मग नांगरट. त्यानंतर लगेच आबा ऊस लावणार होते. म्हणजे शनिवारची सकाळ शेवटची. दुसरं बिनतारांचं, बिनझाडांचं रान शिक्षकाकडं नव्हतं आणि नंतर तो चार महिने बाहेर कामाला जाणार होता. मला चार महिने थांबायचं नव्हतं. थांबले तर घरचे, शेजारचे आणि मी स्वतः मिळून हे गुंडाळून ठेवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

छत्री मला पहिल्या दिवसापासून जमली होती. लग्नानंतर बारा वर्षं आमच्या खळ्यावर बाजरीची उफणणी मी केली आहे. वारा कुठून येतोय, कधी पडणार आणि कधी उलटणार, हे हातातल्या सुपाला आधी कळतं. इंजिनाशिवाय मी छत्री डोक्यावर धरून रानभर फिरायची, तेव्हा तो पोरांना सांगायचा, "ताईंचं बघा."

घोडं अडत होतं ते इंजिन पाठीवर आल्यावर. पंखा माणसाला मागून ढकलतो. ताठ असलात तर पुढं ढकलतो आणि वाकलात तर जमिनीत घालतो. मी वाकत होते. वीस वर्षं कांद्यावर आणि उसावर औषध मी स्वतः मारते, कारण गडी निम्मं औषध बांधावर मारतात. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप पाठीवर घेतला की कंबरेतून पुढं वाकायचं आणि नजर पातीवर ठेवायची, हे अंगात इतकं मुरलंय की पाठीवर इंजिन गुरगुरलं की मी आपोआप वाकते. शिक्षक ओरडायचा, "ताई, ताठ! आभाळाकडं बघा!" मी म्हणायची, "ताठच हाय." मग त्यानं व्हिडिओ दाखवला. तोंडावर पडायच्या आधी मी चक्क रानात कीड शोधत होते.

पंखा मोडला तो बुधवार. त्यानं सांगितलं, "शनिवारी सकाळी बघू. पाठ सरळ दिसली तर इंजिन देतो. न्हाई तर माझ्या पुढं बसायचं, आन् त्यावर रुसायचं न्हाई."

घरी येऊन विचार केला. वाकायची सवय शरीराची, तर ती मोडायलाही शरीराचीच दुसरी सवय पाहिजे. माझ्याकडं एक होती. माहेरी विहीर लांब होती, चौदा वर्षांची असल्यापासून डोक्यावर हंडा. हंडा डोक्यावर असला की बाई वाकत नाही, वाकली तर भिजते. गुरुवारी सकाळी मी फवारणीचा पंप पाण्यानं भरून पाठीवर घेतला, तो चालू केला, डोक्यावर चुंबळ ठेवून भरलेली कळशी ठेवली आणि बांधाकडेनं झपाझप चालायला लागले.

माझे यजमान साखर कारखान्यात आहेत. रात्रपाळी करून येत होते, रस्त्यातच गाडी थांबवून बघत राहिले.

"चूल पण घ्यायची हातात," ते म्हणाले. "एक हात मोकळा दिसतोय."

"तुम्ही चहा करून प्या."

"शेजारचे आप्पा विचारत होते, बोअर आटली का म्हणून."

"त्यांना सांगा, पाणी भरपूर हाय. बाई पण आटली न्हाई अजून."

पहिल्या फेरीत दोनदा भिजले. शुक्रवारी दुपारपर्यंत पंपाचा आवाज आणि हंड्याची मान एकत्र बसली. मग कळशी काढली. मान तिथंच राहिली.

शनिवारी सहाला रानावर पोचले तर पूर्वेकडच्या निम्म्या रानात मेंढरं. ज्याच्याकडं ती आदल्या रात्री बसायची होती, त्यानं रानाला पाणी सोडून दिलं, म्हणून कळप एक दिवस आधीच इकडं आला होता. वाघर, म्हणजे धनगरांचं जाळीचं कुंपण, लावलेलं होतं. आत तीनेकशे मेंढरं, बाजूला घोडं, कुत्री आणि तीन दगडांच्या चुलीपाशी एक बाई, माझ्याच वयाची.

शिक्षक डोक्याला हात लावून उभा होता. "झालं, ताई. आज न्हाई."

मी माती उचलून सोडली. वारा पश्चिमेचा, हलका. म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून, मेंढरांकडं पाठ करून पळायचं. उडायला निम्मं रान पुरत होतं. अडचण उतरायची. उतरतानाही वाऱ्याला तोंड करावं लागतं, म्हणजे पूर्वेकडून, थेट कळपाच्या डोक्यावरून यावं लागणार. मी चुलीपाशी गेले आणि बाईला सगळं सांगितलं.

तिनं पाठीवर घ्यायच्या इंजिनाचं वजन विचारलं. पंचवीस किलोच्या वर, म्हटलं.

"एवढं पाठीवर घेऊन पळायचं? आन् ते पण हौसेनं?" ती म्हणाली. "आमी घोड्यावर टाकतो."

"घोडं उडत न्हाई."

"मग कुठं जायचं हाय उडून?"

"कुठं न्हाई. वर जायचं, परत यायचं."

तिनं भाकरी उलटली. "आवाजाचं काय न्हाई, ट्रॅक्टरची सवय हाय त्यांना. पण वरनं सावली फिरली की मेंढरू बुजतं. वाघर तोडून उसात घुसली, तर बिबट्याचं जेवण होईल. डोक्यावरनं यायचं न्हाई."

"न्हाई येणार."

परत येऊन शिक्षकाला म्हटलं, "इथनं उडते, आन् हरभऱ्याच्या रानात उतरते." हरभरा काढलेलं ते रान ओढ्यापलीकडं होतं. छत्री घेऊन सराव करताना मी ते दोनदा चालून पाहिलं होतं. तारा नाहीत, झाड एकच, कडेला; उडायला तोकडं, पण उतरायला पुरेसं.

"पहिलंच उड्डाण, आन् उतरायचं दुसऱ्याच्या रानात? मी आधी पाठ बघणार. एकदा जरी वाकलात, तरी थांबवणार."

"थांबवा."

त्यानं नवा पंखा बसवलेलं इंजिन माझ्या पाठीवर चढवलं, हेल्मेटमधला रेडिओ तपासला. पळायला लागले. छत्री वर आली, दोऱ्या ताणल्या, इंजिन पूर्ण आवाजात गेलं आणि मागून जोर आला. माझी मान हंड्याखाली होती. रेडिओवर तो एकसारखा म्हणत होता, "पळा, पळा, बसू नका, पळा." मी पळतच होते. पाय हवेत फिरत होते हे मला तीन-चार पावलांनंतर कळलं.

वर गेल्यावर भीती वाटली नाही, काम वाटलं. डावा हात, उजवा हात, थ्रॉटल, वारा. भीमा जलपर्णीनं एवढी हिरवी झाली होती की पाणी कुठं संपतं आणि ऊस कुठं सुरू होतो ते समजत नव्हतं. दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर एकाच बाजूला कललेला, म्हणजे वाराही तोच. एका बागायतदाराचं ठिबक दोन ठिकाणी फुटलेलं दिसलं. त्याला संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. मेंढरांपासून लांबून, नदीच्या अंगानं दोन वळसे घेतले. खाली शिक्षक मोटरसायकलवरून ओढा ओलांडून हरभऱ्याच्या रानाकडं चालला होता. तो पोचेपर्यंत मला वरच राहायचं होतं, आणि तेवढा वेळ मला कुणीच काही सांगत नव्हतं. ती पाच मिनिटं मला पाहिजे होती.

मग रेडिओ बोलला. "दिसतोय का मी?"

"दिसताय. तुमच्या मागच्या बाजूनं येते."

इंजिन बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की दोऱ्यांतून जाणारा वारा ऐकू आला. रान वर यायला लागलं. "थांबा, थांबा… आता ओढा." मी दोन्ही हातांतल्या दोऱ्यांचे ब्रेक ओढले, जरा लवकरच. दोन पावलं पायांवर पडली, तिसरं बुडावर. पिंजरा शाबूत, पंखा शाबूत.

शिक्षक धावत आला. "गुडघे?"

"दोन्ही हायेत."

तो हसला. छत्री गोळा करताना म्हणाला, "पाठ ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ होती, ताई. मी बघत होतो." मग गंभीर होऊन, "पण आता रान न्हाई. आज संध्याकाळी सगळ्या रानात वाघर लागंल. तुमचं पुढचं मी आल्यावर, चार महिन्यांनी."

"तुम्ही कधी जाणार?"

"दहा दिवसांनी."

"मग दहा दिवस हायेत. मांडवगण फराट्याच्या रस्त्याला, वीटभट्टीच्या मागं एक पट्टा मोकळा हाय. लांबीला ह्याच्या दीडपट असंल. नांगरट न्हाई, तार न्हाई. वरनं नीट बघून घेतलाय."

"कुणाचा?"

"ते विचारायला आत्ताच जाऊ. तुम्ही बसा मागं, गाडी मी चालवते."