दारातल्या चपला

आमच्या केंद्रात किस्से इतके साचायचे की विचारू नका! रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे, माडीवर एक खोली. मोबाइल हातोहाती यायचे होते तेव्हाची गोष्ट. नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका तिथे यायच्या. त्यांना काम शोधायचं, खोली बघून द्यायची, पायावर उभ्या राहीपर्यंत पाठीशी राहायचं, हे मी आणि विभाताई करायचो. लोक विचारत, "तुम्ही हसता तरी कशा?" मेल्यांनो, रडूनही बघितलं, बायका आणखी घाबरतात!

* * *

सुनंदा राजापूरकडची. श्रावणात आली, हात प्लास्टरमध्ये.

"काय झालं गो?"

"आंब्यावरून पडल्ये."

"श्रावणात? आंबे काढायला?"

विभाताईंनी चहा पुढे केला, तेव्हा कुठे रडली.

* * *

समेटासाठी सुनंदाच्या सासूला बोलावलं. म्हातारी आमच्यावरच उखडली. "एवढं काय मारलंन? मला तर हिच्या सासऱ्यांनी विहिरीत ढकललं होतं!"

"मग हो?"

"मग काय? कळशी भरून वर आल्ये!"

विभाताईंनी तिच्याही पुढे चहा सरकवला.

* * *

प्लास्टर निघाल्यावर सुनंदाला खानावळीत लावलं. पहिल्याच दिवशी चार वाजले तरी ही उपाशी. "सगळ्यांचं झालं की जेवत्ये."

मालकिणीनं कपाळाला हात लावला. "अगो, ही खानावळ! इथं सगळ्यांचं कधी होतच नाही!"

* * *

मग खोली मिळाली. एकटी बाई म्हटली की दारावर टकटक आलीच. त्यावर आमचा ठरलेला उपाय, दारात पुरुषी चपला! बाजारातून चांगल्या मोठ्या नंबरच्या आणल्या.

शेजारणीनं टोकलंच, "मालक दिसत नाहीत कधी?"

"रात्रपाळीला असतात."

"आणि चपला?"

"बूट घालून जातात!"

जन्मभर नवऱ्याला झाकायला खोटं बोललेली बाई पहिल्यांदा स्वतःसाठी खोटं बोलली होती. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

* * *

गणपती आले की मात्र माझं डोकं फिरायचं. मुंबईचे नवरे गावी येणार आणि आमच्या बायका पिशव्या भरणार! "नैवेद्य कोण करील, ताई? गणपतीत कोण मारतं का?" मारतात. ज्या परत येत, त्यांना आम्ही आधी दवाखान्यात नेत असू.

सुनंदा आली त्याच्या पुढच्या वर्षी ती एकटीच म्हणाली, "मी नाही जायची. मोदक इथंच करीन." केलेनसुद्धा! विभाताईंना रडू फुटलं.

* * *

विसर्जनानंतर खानावळीतून निरोप आला, सुनंदा कामाला आलेली नाही. मी तडक खोलीवर गेले. चपला नेहमीच्या जागी होत्या, जिवात जीव आला. हाक मारली. मग पायरीकडे लक्ष गेलं.

तिथे आणखी एक जोड होता. पुरुषाचाच, चिखलानं भरलेला.

दार जरासं उघडलं. सुनंदानं पदर पार डोळ्यावर ओढून घेतला होता.

"काय झालं गो?"

आत कुणीतरी खाकरलं.

"काही नाही, ताई," ती म्हणाली. "आंब्यावरून पडल्ये."