मुंडणावरून निष्कर्ष

कळसाडीच्या तात्यांना मी मारलं. (तर्कानं. माणूस अजून ठणठणीत आहे.)

तात्या म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. मी शहाद्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, त्यामुळे आमच्या घरात माझ्यासमोर तोंड उघडायला सगळे बिचकतात. त्या दिवशी रिक्षानं घरी येताना भाजीबाजारात तात्यांचा मुलगा भास्कर दिसला. डोकं तुळतुळीत! मिशीसुद्धा गायब! हाक मारेपर्यंत रिक्षा पुढे गेली.

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "वडील गेले की मुलगा मुंडण करतो. भास्करनं मुंडण केलंय. निष्कर्ष उघड आहे."

सासूबाईंच्या हातातली वांगी घरंगळली. "मिशी बी काढेल शे?"

"मिशीसुद्धा."

"मन्हा भाऊ गया वं माय!"

नवरा चाचरत म्हणाला, "मग कळवलं कसं नाही कोणी? एक फोन करू या का?"

"करा. काय विचाराल? 'तात्या, तुम्ही वारलात का?'"

तो मुकाट्यानं गाडीची किल्ली शोधायला गेला.

कळसाडीत शिरलो, तर तात्यांच्या दारात मांडव! खुर्च्या! माणसं! "बघा, पुरावा!" मी म्हणाले. (खरं सांगते, तात्या गेल्याच्या दुःखापेक्षा आपलं बरोबर निघाल्याचा आनंद जास्त होता.)

सासूबाईंनी फाटकातूनच सूर लावला. "मन्हा भाऊ रे! मले सोडीसन कसा गया रे!"

आणि घरातून तात्या बाहेर आले. स्वतःच्या पायांनी. डोकं तुळतुळीत!

एखादी शहाणी बाई इथे थांबली असती. मी सासूबाईंच्या कानात कुजबुजले, "तात्यांचंही मुंडण! म्हणजे मामी गेल्या!"

सासूबाईंनी श्वाससुद्धा न घेता रडं वळवलं. "मन्ही वहिनी वं! मले सोडीसन कशी गयी वं!"

कणकेनं भरलेल्या हातांनी मामी धावत आल्या. "काय व्हयनं वं बाई? कोन गयं?" नणंद एवढी रडतेय म्हणजे तिच्याच घरी कोणीतरी गेलं, असं समजून त्यांनी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तात्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. मग मलाही रडू फुटलं, कारण सगळेच रडत होते!

शेवटी नवऱ्यानं विचारलं, "पण मेलंय कोण?"

सगळे एकमेकांना मोजायला लागले.

तेवढ्यात भास्कर लाडू घेऊन आला. "घ्या, तिरुपतीना परसाद!"

बापलेक नवस फेडायला तिरुपतीला गेले होते. मांडव होता यात्रेहून परतल्यावर घालायच्या मावंद्याच्या जेवणाचा. त्याच सकाळी मी अकरावीच्या पोरांना बजावलं होतं: पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं होत नाही, कोणी सडाही टाकला असेल. पोरांना ते लगेच कळलं होतं.

"मंग मले बी मारी टाकं?" माझा सगळा तर्क ऐकून मामी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. तात्या मात्र खूश! वरण-बट्टी वाढता वाढता सासूबाईंना म्हणाले, "बाई, ते रडनं परत एकडाव म्हन ना. भारी व्हतं!"

आता नात्यात कोणी गेल्याचा निरोप आला, की सासूबाई लगेच रडत नाहीत. डोळ्यांपाशी नेलेला पदर तसाच धरून आधी विचारतात, "हाई तुले कोनी सांगं? आमनी सूननी तं नही ना?"