नव्या टाकीतलं खारं पाणी

दादानं मुंबईहून मासे आणले तेव्हा आई चुलीपासून न उठताच म्हणाली, "माह्या घरात हे शिजणार नाही, सांगून ठेवते."

दादा म्हणाला, "शिजवाले नाही वं आई. पाहाले आणले."

"पाहाले? मासे काय पाहाचे?"

याचं उत्तर दादाजवळ होतं, पण ते आईसमोर बोलायची त्याची छाती नव्हती. मासे वहिनीसाठी होते.

वहिनी कोकणातली. दादा मलकापूर स्टेशनात पार्सलचा कारकून. त्याच्या मुंबईच्या एका सोबत्यानं आपली भाची सुचवली, पत्रिका जुळली, आणि समुद्राच्या काठाशी वाढलेली मास्तरांची मुलगी आमच्या कापसाच्या गावात येऊन पडली. महाराष्ट्र झाल्याला तेव्हा दहाबारा वर्षं झाली होती. कोकण आणि वऱ्हाड एका राज्यात आले, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. एका स्वैपाकघरात आले की काय होतं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

वहिनी शिकलेली होती, आमच्याशी पुस्तकातलं बोलायची. पण घाई झाली, चटका बसला, रडू आलं की तिच्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निघायचं. माका नको, माका ठाऊक नाय. आम्हाला त्याची भारी गंमत. मी तर तिला 'माका वहिनी'च म्हणायची. आई हसायची नाही. ती म्हणायची, "ज्या दिवशी 'मले' म्हणन ना, त्या दिवशी आपल्या घरची झाली समजा." आईचं हे बोलणं आळीत सगळ्यांना पाठ होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात वहिनीला मूल झालं आणि त्याच दिवशी गेलं. मुलगा होता. त्यानंतर वहिनी आधी जेवेनाशी झाली आणि मग बोलेनाशी. कामं सगळी करायची. भाकरी थापायची, धुणं धुवायची, मागच्या ओट्यावर बसून भिंतीकडे बघायची. हाक मारली तर मान वर करायची, बस. डॉक्टरनं टॉनिक दिलं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. एकदा फक्त, मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा, ती हळूच म्हणाली, "माका घराक जावचा आसा." मी ते दादाला सांगितलं. घरी धाडलं तर ही परत यायची नाही, हे त्याला समजत होतं आणि मलाही. म्हणून त्यानं दुसरा उपाय काढला. तिला समुद्राकडे नेता येत नव्हतं, तर समुद्रच मलकापूरला आणायचा.

लोखंडी अँगलची, पुट्टी भरून काचा बसवलेली टाकी त्यानं मुंबईहून आणली. रेल्वेचा पास होताच, तेव्हा प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतीचं पाणी भरून गाडीनं आणायचा. मुंबईला राहणाऱ्या वहिनीच्या भावानं खडकातल्या खळग्यांमधून पट्ट्यापट्ट्याचे मासे धरून दिले, शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा दिला, आणि एक खडकाचा तुकडा दिला, ज्याला समुद्रफुलं चिकटलेली होती. ती बोट लावलं की मिटायची आणि सोडलं की उमलायची. हवेचा छोटा पंप दिवसरात्र गुरगुरायचा. सगळं ओसरीवर मांडून झालं तेव्हा वहिनी दाराशी उभी होती. ती जवळ आली, काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "अगे बाय माझे." दादा परसात जाऊन रडला. मी पाहिलं.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आमच्याशी कमी, माशांशी जास्त, आणि तेही तिच्याच बोलीत. कोणी काय खाल्लं, कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, सगळं सांगायची. आईला ते रुचत नव्हतं, पण सून जेवायला लागली होती, म्हणून ती गप्प होती. बाबा कोर्टातून रिटायर झालेले. सुनेशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. "चहा झाला का विचार तिले," असं मला सांगायचे, आणि वहिनी तिथंच उभी असायची. तेही आता ओसरीवर खुर्ची टाकून टाकीसमोर बसायला लागले. पेपर हातात असायचा, पान काही उलटायचं नाही.

खाऱ्या पाण्यानं लोखंड खाल्लं. कोपऱ्यातून गंजाचा ओघळ यायला लागला, मग पाणी झिरपायला लागलं. वहिनी रोज खाली फडकं ठेवायची आणि रोज ते ओलं निघायचं. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होत चालला होता. दादानं ग्रीलवाल्याकडून नवीन टाकी करून घेतली. चांगली ऐसपैस, पहिलीच्या दुपटीची, लोखंडाला पाणी लागू नये अशा काचा आतून बसवलेली. दोन खेपा करून त्यानं पाणी जमवलं, आणि एका रविवारी सकाळी आम्ही सगळे कामाला लागलो.

त्या सकाळी वहिनीचं राज्य होतं. दादाला, मला, आईलासुद्धा ती हुकूम सोडत होती. आधी जुनं पाणी बादल्यांत काढा, ते सांडू नका. वाळू धुऊ नका. खडक पाण्याबाहेर ठेवू नका. मासे जाळीनं नको, वाडग्यानं, पाण्यासकट उचला. शेवटचा मासा तिनं स्वतः सोडला. खेकडा शंखात दडून बसला होता, तो बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. फुलं उमलली तेव्हा तिनं माझा हात धरला. सगळं जिवंत होतं. तिचा हात गार होता, हे मला अजून आठवतं.

फक्त टाकी भरली नव्हती. वीतभर काच कोरडी राहिली होती. दादा म्हणाला, "मासे मजेत हायेत. पुढच्या खेपेले भरू." तेवढ्यावर मिटलं असतं. पण आईनं टाकीला बाहेरून हळदकुंकू लावलं होतं, आणि नवीन भांडं पहिल्या दिवशी काठोकाठ भरायचं, हा आमच्या घरचा नेम. नवीन माठ असो की पितळी डबा, अर्धा ठेवायचा नाही. आईचा जीव अडकला त्यात. "वटी रिकामी झालेली पोरगी हाये," ती बाबांना म्हणाली, "अन् तिच्या दारात नवं भांडं अर्धं?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून, तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन बाबा एस.टी.नं निघून गेले. लोणारजवळ त्यांचं मूळ गाव, आत्या तिथंच राहायची. आम्हाला वाटलं तिला भेटायला गेले.

आमच्याकडे पाण्याच्या दोनच जाती. एक गोडं, एक खारं. प्यायचं ते गोडं. ज्यात डाळ शिजत नाही, साबण फुटत नाही, ते खारं. आडाचं खारं, नाल्याचं खारं, आणि सगळ्यात खारं लोणारच्या सरोवराचं. लहानपणी आम्हाला खरूज झाली की बाबा तिथं नेऊन आंघोळ घालायचे. त्यांच्या हिशेबी त्या पाण्यात औषध होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा परतले. त्या वयात ते सरोवराच्या काठापर्यंत उतरले, दोन डबे भरले, आणि आत्याच्या मुलानं ते वर आणून बसच्या टपावर बांधून दिले. पाणी त्यांनी स्वतःच्या उपरण्यातून गाळलं होतं. दादा ड्यूटीवर गेला होता. बाबांनी डबे ओसरीवर ठेवले, घाम पुसला, आणि माझ्याकडे न बघता, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ वहिनीला म्हणाले, "पोरी, हे घे. तुह्या समुद्राचा भाऊ हाये हा."

वहिनीनं डब्याचं झाकण काढलं. पाणी हिरवट होतं. मलाही वास आला.

"मामंजी," ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "ह्या पाण्याक वायच येगळो वास येता."

"तळ्याचं हाये, वास येनच. पण खारं हाये. चाखून पाह्य."

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारं होतं. ती बाबांकडे बघत राहिली. त्यांच्या पायांना चिखल होता, डोळे जागरणानं लाल होते, आणि चेहऱ्यावर एवढी आशा होती की मलाच कसंनुसं झालं. तिला कळलं होतं. मी आजही छातीवर हात ठेवून सांगते, तिला कळलं होतं. समुद्राच्या काठाशी वाढलेल्या बाईला ते पाणी कळणार नाही होय? पण ज्या सासऱ्यानं कधी तोंडाकडे पाहिलं नाही, तो 'पोरी' म्हणून डबा घेऊन समोर उभा. त्याला नाही कसं म्हणायचं, हे तिला तिच्या माहेरानं शिकवलं नव्हतं, आणि आम्ही तर नाहीच. तिनं डोळे खाली घातले आणि बाजूला झाली. बाबांनी दोन्ही डबे ओतले. टाकी काठोकाठ भरली. आईनं हात जोडले.

थोड्या वेळानं पाणी पांढरं व्हायला लागलं. आधी धुकं आल्यासारखं, मग दुधासारखं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. फुलं मिटली. वहिनीनं दोन्ही हात खांद्यापर्यंत टाकीत घातले आणि मासे वाडग्यात घ्यायला लागली. पण वाडग्यात पाणी कुठलं घालायचं? समुद्राचा थेंब घरात उरला नव्हता. होतं ते टाकीतच होतं, आणि बाकी आडाचं. ती वाडगा घेऊन ओसरीत इकडून तिकडे गेली, परत आली, आणि उभी राहिली.

आईनं टाकीत बोटं बुडवली, एकमेकांवर घासली आणि तिचा चेहरा उतरला. "बाई वं," ती म्हणाली, "हे तं पापडखारावानी बुळबुळीत लागून राह्यलं."

मिठाचं खारं वेगळं आणि खाराचं खारं वेगळं. जन्मभर पापड लाटले आम्ही, पण शब्द एकच वापरला.

दादाला स्टेशनवरून बोलावलं, तोपर्यंत उपयोग राहिला नव्हता. मासे आडवे झाले होते. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन तसाच लोंबत होता. बाबा खुर्चीत बसले होते. ते मला म्हणाले, "तिले सांग, मी मुद्दाम नाही केलं." वहिनी हातभर अंतरावर होती. ते पुन्हा माझ्यामार्फत बोलायला लागले होते.  मला सगळ्यांचाच संताप आला होता आणि कोणावर काढावा ते समजत नव्हतं. चूक कोणाचीच नव्हती, आणि त्यामुळे सगळं आणखी वाईट वाटत होतं.

वहिनी रडली नाही. मासे आणि खडक तिनं स्वतः परसात, आमच्याकडे काहीही पुरायची जी जागा आहे तिथं, पुरले. टाकी रिकामी केली, घासली, उन्हात वाळवली आणि आत आणून ठेवली.

पुढच्या आठवड्यात दादा हातात रिकामे कॅन घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मी उद्या जातो. पुन्हा आणतो सगळं. तू फक्त हो म्हण."

वहिनी सुपात गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही. शांतपणे म्हणाली, "काऊन आणता आता? मले नाही पाह्यजे."

आईनं ते स्वैपाकघरातून ऐकलं. ती लगबगीनं बाहेर आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "झाली वं," ती मला म्हणाली, "आपल्या घरची झाली." तिनं डबा काढला आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. बाबांच्या, माझ्या, कॅन खाली ठेवायलाही विसरलेल्या दादाच्या, आणि वहिनीच्या. मी माझी मुठीतच धरून ठेवली. वहिनीनं निमूट खाल्ली, हात पदराला पुसला, आणि निवडलेले गहू नव्या टाकीत ओतले.