दोन बोटं की दोन अंगठे

ज्योतीचा, म्हणजे माझी मैत्रीण यमुना हिच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेल्या..." एवढंच ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला आधी हायसं वाटलं. गेले कित्येक महिने यमुना एकेका श्वासासाठी भांडत होती. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी खाटेवर बसून धापा टाकायची. ते संपलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो असा की मिलिंदनं तिची छाती दाबली असेल का? मिलिंद तिचा मुलगा. श्वास थांबला की छाती दाबायची नाही, मला सुखानं जाऊ द्यायचं, ही यमुनाची शेवटची इच्छा होती आणि ती त्याच्या गळी उतरवायचं काम तिनं माझ्यावर टाकलं होतं. फोनवर असलं काही विचारणं शक्यच नव्हतं. मी लोणावळ्याहून कार्ल्याला गेले, बुद्धवंदना झाली, तिला निरोप दिला, पण विचारायचा धीर काही झाला नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी नर्सिंगला लागलो. मी लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, ती कार्ल्याची. तिच्या वडिलांची भाताची दोन खाचरं होती आणि मुलगी शिकलीच पाहिजे हा हट्ट होता. हट्ट तिनं वडिलांकडूनच उचलला असणार. शिक्षण संपल्यावर मी लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात लागले आणि तिची नेमणूक आंदर मावळातल्या आरोग्य उपकेंद्रात झाली. एसटी जिथं सोडेल तिथून पुढं चालत जायचं, अशी तिची निम्मी नोकरी पायांवरच झाली. आवाज खणखणीत. वादात हरणं तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून तर मैत्री टिकली.

आमचा जन्माचा वाद एकच. तान्ह्या बाळाचा श्वास आणि हृदय थांबलं तर बाहेरून छाती दाबून रक्त फिरतं ठेवावं लागतं, मधूनमधून तोंडानं श्वास द्यावा लागतो. मोठ्या माणसाला तळव्यांनी दाबतात. एवढ्याशा जिवाला कशानं दाबायचं? एक रीत अशी की बाळाला सपाट जागेवर ठेवून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी दाबायचं. दुसरी अशी की दोन्ही हातांनी बाळाच्या छातीला वेढा घालायचा, बोटं पाठीशी, आणि पुढून दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. मी बोटांच्या बाजूची. एकट्या बाईला दाबायचंही असतं आणि श्वासही द्यायचा असतो, बोटं चटकन उचलता येतात, शिवाय वेढा घातला की माणसं घाबरून बाळाला आवळूनच धरतात आणि छाती परत वर यायला जागाच उरत नाही, असं माझं म्हणणं. यमुना अंगठ्यांची. "तुजी बोटं दोन मिन्टात थकत्यात. थकली की वर वर दाबतीस. वर वर दाबून काय उपेग? छाती जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापत्तुर आत गेली पायजे," हे तिचं उत्तर ठरलेलं.

पण तिचा खरा मुद्दा निराळाच होता, आणि तो तिनं एका प्रशिक्षणात सगळ्यांदेखत मांडला. सरावासाठी तिथं रबराची छान बाहुली ठेवली होती. यमुनानं पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत बाहुलीची छाती तेलानं माखून टाकली. प्रशिक्षक बाई ओरडल्या, "अहो, हे काय करताय?" यमुना शांतपणे म्हणाली, "म्याडम, आमच्याकडचं बाळ असंच असतंय. सकाळ-संध्याकाळ तेल. आता दाबा बोटांनी." बाईंनी दाबलं. बोटं सरकन बरगडीवर घसरली. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि पुढं चहापर्यंत ती बाहुली साबणानं धुण्यात मी आणि यमुना गुंतलो होतो. तेल काही पूर्ण निघालं नाही.

तिच्या अंगठ्यांनाही तेलानंच दगा दिला, हे मात्र ती कुणाला सांगत नसे, म्हणून मी सांगते. आंदर मावळातल्या बायांना ती हे शिकवायची तेव्हा सुट्टी काढून मीही जायचे. बाळाच्या छातीला वेढा घालणं त्या बायांना शिकवावं लागायचं नाही. रोज तेल लावताना हात तसेच तर धरायचे असतात. पण हात तसे धरले की अंगठे आपोआप मालिशच करू लागायचे, मधून वर आणि खांद्यांकडं बाहेर. एकजात सगळ्या बाया! "अगं, चोळू नगंस, दाब! सरळ खाली!" यमुना ओरडायची, बाई मान डोलवायची आणि पुन्हा चोळायची. मी कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसायचे. शेवटी तिनं तोडगा काढला तो असा की आधी पदरानं छाती पुसायची, मग अंगठे ठेवायचे. तेल गेलं की हात मालिश विसरायचे.

आणि मग एकदा खरंच वेळ आली. आम्ही वर्ग आटोपून निघालो होतो, तर वाडीतल्या एका घरातून आरडाओरडा ऐकू आला. काही महिन्यांचं बाळ, मुलगी. तेल लावून, न्हाऊ घालून दूध पाजलं आणि दूध श्वासनळीत गेलं. आम्ही पोचलो तेव्हा ती निळी पडली होती, अंग लुळं, श्वास नाही. आजी कांदा फोडून नाकाशी धरत होती. यमुनानं बाळ पालथं करून पाठीत थापट्या मारल्या, तोंडातलं दूध पुसलं. काही नाही. मग पदरानं छाती पुसली, वेढा घातला आणि अंगठे चालू केले. श्वास मी देत होते. ते मोजणं, ते थांबणं, मी तोंड लावणं, आमच्या दोघींत एक शब्द नाही... आणि पोरीनं ठसका दिला, रडली.

आम्हाला न्यायला आलेली जीप खालच्या रस्त्यावर होती. बाळाला घेऊन मी उतरायला लागले आणि अर्ध्या वाटेत ते पुन्हा गप्प झालं, श्वास थांबला. त्या अरुंद पायवाटेवर बसून वेढा घालायला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. बाळ माझ्या हातावर आडवं, डोकं तळव्यात, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं छातीवर. मी चालत दाबत होते, थांबून श्वास देत होते. यमुना पुढं उलट्या पावली चालत मला सांगत होती, "दगड हाय... आता वळण... खोल दाब, सरोज, खोल!" जीपपाशी पोचता पोचता पोरगी परत रडली. पुढं दवाखान्यात ती बरी झाली. आज सायकलवरून शाळेत जाते आणि तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणं फार बोलते.

आता हे बाळ कुणाच्या रीतीनं वाचलं? झालं, पुढची सगळी वर्षं आम्हाला तेवढं पुरलं. "पयल्यांदा परत आणली ती अंगठ्यांनी," ती म्हणायची. "आणि टिकवली ती बोटांनी," मी म्हणायचे. अलीकडं जाणकारांचं मत अंगठ्यांकडं झुकलंय. दाब खोल बसतो, हात कमी थकतात. ते कळलं त्या दिवशी यमुनानं मला फोन केला, "अंगठे!" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. मला राग यायला हवा होता, पण तिचा आवाज इतका लहान मुलीसारखा खूश होता की मीही एकटीच हसत बसले.

पुढं तिची फुप्फुसं बिघडली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तिनंही तसंच ऐकलं, आणि ऑक्सिजनचं मशीन घेऊन ती घरी आली. एका दुपारी ज्योती स्वयंपाकघरात असताना तिनं मला जवळ बोलावलं. "माज्या छातीवर कुनी हात ठिवायचा न्हाई. डाक्टरांना बोललीय मी. त्यांचं बी तेच म्हननं हाय." मी म्हटलं, असं काय बोलतेस. तर म्हणाली, "बाळाची छाती लवचिक असती गं, दाबलं तर वाकती. माजी मोडंल. आन् बाळाला माघारी यायला समदं आयुष्य पडल्यालं असतंय. मी माघारी येऊन कुटं जाऊ? ह्या मशिनीकडंच ना?" मग हसली. हसताना खोकला आला. "पर ह्या मिलिंदला मीच शिकिवलंय. कारखान्यात ह्या छाती दाबायच्या सरावात पैला नंबर येतो त्याचा. ते ऐकायचं न्हाई. तू सांग."

मी सांगितलं. मिलिंदनं मान खाली घालून ऐकून घेतलं, उठला आणि बाहेर निघून गेला. मुलगा आहे तो. समोर आईचा श्वास थांबलाय आणि हातात विद्या आहे, अशा वेळी कोण गप्प बसेल? मी तरी बसले असते का, मला अजून सांगता येत नाही.

यमुना गेल्यावर, परवा मिलिंद माझ्या घरी आला. कामावरून परस्परच आला होता. चहा झाला, पावसाचं, ज्योतीच्या माहेरचं बोलणं झालं, आणि मग तो आपणहून म्हणाला, "मावशी, हात गेलतेच. दोनी तळवे आयच्या छातीवर ठिवले मी. शेजारचे म्हनत हुते, दाब, दाब, बघतोस काय..."

"मग?"

"न्हाई दाबलं. पर काडता बी येईनात. तसंच ठिवून बसलो. ज्योती आता उठा म्हनंपत्तुर."

मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. तिच्या छातीवर हात होते आणि दाब नव्हता. याहून सुखाचं जाणं मला तरी ठाऊक नाही, आणि हे तिला सांगता येत नाही एवढीच काय ती हळहळ. मी त्याचे हात हातात घेतले. कारखान्यातले, घट्टे पडलेले हात. त्याचे अंगठे थेट यमुनासारखे आहेत, रुंद आणि टोकाला किंचित मागं वळलेले. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलेच नव्हते.