सूर्यामागे दडलेला दगड

वेधशाळेत तिला सगळे ‘काचवाली’ म्हणत. दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर असत. एकाच जागेच्या दोन काचा यंत्राखाली ठेवून ही बाई दिवसभर आलटून पालटून बघायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका हळूच सरकलेला दिसला, तर तो मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणारा लघुग्रह. डोळ्यांचं पार वाटोळं करणारं काम! तिच्याआधी ते तिचे बाबा करायचे. त्यांनी चार लघुग्रह शोधले, आणि चारही नावं वेधशाळेच्या जुन्या साहेबांच्या गोतावळ्यात वाटली गेली. बाबांनी हूं की चूं केलं नाही. हिचा मात्र तिळपापड झाला.

म्हणून पाचवा तिला स्वतःला सापडला, तेव्हा तिने नव्या साहेबांना ठणकावलं, "याला माझ्या बाबांचं नाव द्यायचं." साहेब भला माणूस, लगेच हो म्हणाला. पण नावाआधी क्रमांक हवा आणि क्रमांकाआधी पक्की कक्षा; त्यासाठी तो पुन्हा पुन्हा दिसायला हवा. तो आठेक किलोमीटरचा, कोळशासारखा काळा धोंडा सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेचार वर्षं घेणार. त्यात चार महिने दिसून मेला सूर्यामागे दडला. इकडे बाबा अंथरुणाला खिळलेले; डॉक्टरांनी त्यांना महिनाभराचीसुद्धा मुदत दिली नव्हती.

"काहीतरी करा ना, साहेब."

"बाई, सूर्याला बाजूला सरक म्हणून सांगू का?" साहेब म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

बाबा रोज विचारत, "दिसला का गं?" ती नुसती नकाराची मान हलवायची. करणार काय? आकाशापुढे कुणाचा वशिला चालतो!

एका दुपारी बाबांच्या घशाखाली पाणीही उतरेना. तिला राहवलं नाही.

"बाबा, मिळालं नाव. पत्र आलंय."

त्यांनी डोळे उघडले. "आत्ता कुठे आहे तो?"

"कन्या राशीत," ती बोलून गेली.

"तिथे तर सध्या सूर्य आहे. मग दिसला कसा?"

जन्मभर हेच काम केलेल्या माणसाला थाप मारायला निघाली होती, वेडी! तिला रडूच फुटलं. बाबांनी तिच्याकडे मान वळवली.

"पत्र वाचून दाखव."

"अं?"

"वाच गं. नाव कसं लिहिलंय ते."

उशाशी औषधांची चिठ्ठी होती. तीच तिने हातात धरली आणि बाबांचं पूर्ण नाव, मोठ्याने, सावकाश वाचलं.

"पुन्हा," बाबा म्हणाले.